गुडघ्याचं लिगामेंट लचकलं की झोपून राहायचं की हलवायचं?

गडवेडा
धाकट्या भावाचा कबड्डीत गुडघा आत वळला. एमआरआयमधे एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट) ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटलेलं आलंय, एसीएल (गुडघ्याच्या मधोमधचं लिगामेंट) आणि मेनिस्कस (हाडांमधली गादी) शाबूत. ऑर्थोने हिंजवाला ब्रेस देऊन लगेच फिजिओकडे पाठवलं तर घरात महाभारत सुरू, म्हणे महिनाभर पलंगावरून उतरायचं नाही. माझं मत, पडून राहिला की गुडघा गेलाच समजा. एमसीएलला रक्तपुरवठा चांगला असतो, बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरून येतं, पण पाय वापरला नाही की मांडीचा पुढचा स्नायू पंधरा दिवसात नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उतरतो आणि गुडघा सांभाळायचं काम तोच करत असतो ना.

चढाई_कोल्हापूर
घरचे काही वेडे नाहीत भाऊ. आमच्यातला एक पोरगा दुखायचं थांबलं म्हणून जिल्ह्याला उतरला, त्याच पायावर पकड बसली, आता एसीएल पण गेलंय. फिजिओवाल्यांना जरा घाईच असते. ऋषभ पंत बघा, दिमतीला एवढी टीम असून डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मार्च २०२४ उजाडला मैदानावर यायला.

गडवेडा
अहो पंतचा गुडघा निखळला होता, ऑपरेशन झालं, त्याची बरोबरी ग्रेड २ शी कुठे लावता! आणि मी खेळ म्हणालोच नाहीये, ऊठ म्हणालोय. सध्या एवढंच चाललंय, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, उताणं झोपून पाय सरळ उचलायचा, टाच सरकवत जमेल तेवढा वाकवायचा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी चांगल्या बाजूच्या हातात. यावर पण आईशी रोज वाद, तिला वाटतं काठी दुखऱ्या बाजूलाच हवी.

माईंचा_लेप
आंबेहळदीचा लेप आणि जाणत्या माणसाकडून तेल लावून रगडून घ्या, आमच्याकडे सगळे असेच बरे झालेत, कोणी एमआरआय काढला नाही

रिकामटेकडा_फिजिओ
माई, लेप लावा, पण सुरुवातीचे दोन-तीन दिवस रगडणं नकोच, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आणि सगळ्यात आधी दुखलंय काय ते कळू दे. 'कट्' आवाज येऊन दोन-चार तासात गुडघा टम्म फुगला तर एसीएलचा संशय घ्यायचा, तिथे लेपाचं काम नाही.
बर्फाचं पण विचारतात लोक. आराम-बर्फ-पट्टी-पाय वर हा 'राइस' फॉर्म्युला १९७८ मधे गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने दिला, पुढे त्यानेच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण आराम दोन्हीने भरून यायला उशीर होऊ शकतो. मी दुखणं कमी करण्यापुरता थोडा वेळ देतो, कापडात गुंडाळून.

चढाई_कोल्हापूर
म्हणजे तुमचेच लोक दर काही वर्षांनी पलटी मारणार आणि आम्ही विश्वास ठेवायचा.

रिकामटेकडा_फिजिओ
पुरावा बदलला की सल्ला बदलणारच. स्वीडनमधे एसीएल तुटलेल्या १२१ जणांवर अभ्यास झाला, २०१० मधे छापून आला. ज्यांना आधी नुसता व्यायाम दिला त्यातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं.

चढाई_कोल्हापूर
आणि उरलेल्या निम्म्यांना लागलंच की 😄 तेच म्हणतोय मी.

पुणे_५२
मुद्द्याचं बोला, मांडी घालून बसायचं कधी? लग्नसराई आलीये.

रिकामटेकडा_फिजिओ
इतक्यात नको, उकिडवं तर अजिबात नको, घरात भारतीय संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते ती आणा. खेळायचं म्हणाल तर सूज नाही, पाय पूर्ण सरळ होतोय आणि एका पायावर लांब उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के पडतीये, हे सगळं जमलं तरच. तारीख बघून नाही.

चढाई_कोल्हापूर
हे पटलं. पण सामन्याच्या आदल्या दिवशी टेप घेऊन उडी मोजणार कोण, पंच? संघात माणूस कमी पडला की कोच म्हणतो, गुडघ्याला नी-कॅप घाल आणि उतर.