१२वी झालेल्या भावाला कुठल्या ट्रेनिंगला घालू? ८५ हजारवालं की फुकटवालं?

गुहागरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, १२वी सायन्स कसाबसा सुटला, पुढे बीएस्सी वगैरे करायची अजिबात इच्छा नाही आणि घरात बसून रील बघतोय. बाबांच्या डोक्यात एका खाजगी इन्स्टिट्यूटचं बसलंय, ६ महिने हॉटेल मॅनेजमेंट आणि क्रूझ, ८५ हजार, शंभर टक्के प्लेसमेंट असं बोर्डावर लिहिलेलं, आत गेलात की एसी रिसेप्शन आणि एक मॅडम गोड बोलतात. दुसरा पर्याय म्हणजे तालुक्याला ३ महिन्यांचा सरकारी फुकट कोर्स सुरू होतोय. तिसरा आयटीआय, पण त्याला आई म्हणते "एवढं शिकून हात काळे करायचे का".

मी विचारतोय कारण मी स्वतः २०१७ ला असाच एक फुकट कोर्स केलाय, रिटेल सेल्सचा. आमच्या गावात दोन किराणा दुकानं आणि मला शिकवलं मॉलमध्ये शेल्फ कसं लावायचं. शेवटी पुण्यात लावलं खरं, पण पगारातून रूम आणि डबा गेला की हातात गावी यायचं तिकीट उरायचं. गणपतीला आलो तो परत गेलोच नाही. सर्टिफिकेट अजून ट्रंकेत आहे, लॅमिनेशन मात्र झकास केलंय.

खरा अनुभव असेल तरच सांगा, लिंका नकोत.

हर्णै_बंदर_इंजिनवाला
बंड्या, माझं बोटींची इंजिनं दुरुस्तीचं काम आहे, २२ वर्षं झाली. मला दरवर्षी पोरं लागतात आणि मिळत नाहीत, आधी हे डोक्यात घे. बेकारी आहे म्हणतात आणि इथे सीझनला मी एकटा चार बोटींच्या मागे धावतोय.

मागच्या वर्षी एक पोरगा आला, इंजिन मेकॅनिकचं सर्टिफिकेट, त्यावर क्यूआर कोड, सगळं पद्धतशीर. डिझेल संपून बंद पडलेली बोट होती, लाईनीत एअर धरलेली. म्हटलं एअर काढ. तो बघतच राहिला. अरे फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अख्खी धार लागली की स्क्रू आवळायचा, एवढंच. त्याने ते आकृतीत बघितलेलं म्हणे. सेंटरला ३० पोरांत एक इंजिन, तेही कापून लाल-निळं रंगवलेलं मॉडेल, ते कधी सुरूच होत नाही तर एअर कुठून धरणार?

पोरगा वाईट नव्हता हां. सहा महिन्यांत माझ्याकडे तयार झाला, आता स्वतंत्र कामं घेतो. तर माझं म्हणणं, कोर्स कुठलाही घे, आत जाऊन विचार की मशीन किती, चालू किती, आणि रोज एका पोराच्या हातात किती वेळ पान्हा असतो. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा आहे, त्यानंतर अप्रेंटिसशिप करता येते, एसटीच्या वर्कशॉपलाही घेतात. हात काळे होतील पण आईला सांग, माझ्या काळ्या हातांनी घराला स्लॅब टाकलाय.

जुना_सेंटरवाला
मी तीन वर्षं अशा फुकट कोर्सच्या एका सेंटरवर शिकवायचो, आता सोडलं म्हणून लिहितोय. आतलं गणित असं होतं की संस्थेला सरकारकडून पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे, बॅच सुरू झाली की काही, परीक्षा पास झाली की काही आणि पोरगं नोकरीला लागलं की उरलेले. त्यामुळे सगळा जीव बॅच भरण्यात आणि पास करण्यात. बॅचला ३० डोकी भरायची म्हणून आम्ही वाडीवाडीत फिरायचो, जिला शिवणकाम हवं होतं तिला डेटा एन्ट्रीत बसवायचो कारण मंजुरी डेटा एन्ट्रीची आलेली. बंड्याला रिटेल का शिकवलं त्याचं उत्तर हेच, गावाला काय पाहिजे ते कुणी विचारलंच नव्हतं.

हजेरी अंगठ्यावर. सकाळी अंगठा मारून पोरं आंब्याच्या पेट्या भरायला बागेत जायची, संध्याकाळी परत अंगठा. एप्रिलमध्ये कोकणात बॅच लावणाऱ्याला खरं तर नमस्कार केला पाहिजे. आणि पोरींचं वेगळंच, आमचा क्लास साडेपाचला सुटायचा आणि वरच्या गावांची शेवटची एसटी सव्वापाचची. हुशार पोरी गळाल्या त्या ह्या पंधरा मिनिटांमुळे. वरिष्ठांना तीनदा लिहून दिलं, उत्तर आलं की वेळापत्रक पोर्टलवर फिक्स आहे.

तरी फुकटचं सगळंच टाकाऊ म्हणू नकोस. २०१५ ला पंतप्रधान कौशल्य विकास योजना आली तेव्हा पास होणाऱ्याला सरासरी ८ हजार बक्षीस मिळायचं, लोक त्यासाठीच यायचे, तरी त्यातून माझ्या ओळखीचे दोन इलेक्ट्रिशियन उभे राहिले. मास्तर चांगला होता, बाकी काही नाही.

वेंगुर्ल्याची_माई
आमच्या लेकीने आरसेटीत केलं, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत. प्रत्येक जिल्ह्याला असते, लीड बँक (जिल्ह्याची मुख्य बँक) चालवते, राहणं-जेवण फुकट. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरेची, १९८२ ची. कोर्स छोटेच, काही १० दिवसांचे काही ३० चे, पण मला त्यांचं एक आवडलं ते म्हणजे कोर्स संपल्यावर दोन वर्षं विचारपूस करतात, धंदा सुरू केलास का, बँकेने फाईल अडवली का. आमची फाईल अडवलीच होती, तिथल्या सरांनी स्वतः फोन केला तेव्हा हलली. आता काजूगर आणि कोकम पॅकिंग करते. फार कमावते असं नाही, पण कुणाकडे मागत नाही. भावाला नोकरीच हवी असेल तर हे त्याच्या कामाचं नाही बरं का.

दर्यावर्दी_८८
क्रूझ शब्द वाचला म्हणून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत आहे, जीपी रेटिंग (खलाशाचा सुरुवातीचा कोर्स) करून लागलो. आपल्या पट्ट्यात ह्या नावावर जेवढी पोरं बुडाली तेवढी दर्यात नसतील बुडाली. जहाजावरचा कोर्स असेल तर संस्था डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं) मान्यताप्राप्त यादीत पाहिजे, वेबसाईटवर यादी आहे, नाव नसेल तर विषय संपला. आणि आरपीएस लायसनवाल्या (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) एजंटला नोकरी लावायचे म्हणून खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत, नियमच आहे. कुणी जॉइनिंगसाठी दोन लाख म्हणाला की चहा पिऊन उठा. माझ्या गावच्या एकाने आईचे दागिने ठेवून दिले, पोरगा चार महिने परदेशात एका खोलीत बसून परत आला. त्या एजंटचं ऑफिस आता दुसऱ्या नावाने चालू आहे.

८५ हजारवाल्यांना एकच विचार, मागच्या बॅचमधल्या पाच पोरांचे नंबर द्या. त्यांनी निवडलेले नकोत, हजेरीपटावरचे सलग पाच.

मालवणी_काजू
माझो चुलतभाव तारकर्लीक एमटीडीसीच्या स्कुबा सेंटरात शिकलो. थंय पाण्यात उतरवूनच शिकवतत, कागदार नाय. पॅडी म्हणजे स्कुबाची जागतिक संस्था, तिचा सर्टिफिकेट असा, भायरच्या देशातय चलता. पण पावसात धंदो बंद, ता धरून चल. आणि भावाक पोहूक येता काय ता पयला विचार मेल्या.

गुहागरचा_बंड्या
@मालवणी_काजू पोहतो मस्त, त्याशिवाय काहीच करत नाही.

एक राहिलं, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेबद्दल कुणी बोललं नाही, ऑफिसात काम शिकताना १२वीला महिना ६ हजार मिळतात ना?

जुना_सेंटरवाला
मिळतात, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीला १०. २०२४ ला सहा महिन्यांची होती, नंतर मुदत वाढवून अकरा केली. आमच्या शेजारचा तलाठी ऑफिसला होता, झेरॉक्स आणि स्कॅनिंगमध्ये पारंगत झाला. खिशात पैसे आले पण संपल्यावर तो जिथून उठला तिथेच येऊन बसला. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून ठिकठिकाणी मोर्चे निघाले ते वाचलं असशील.

हर्णै_बंदर_इंजिनवाला
मच्छीमार घरातला असशील तर मत्स्यव्यवसाय खात्याचा सहा महिन्यांचा कोर्स पण बघ, रत्नागिरीला आहे, नौकानयन आणि इंजिन दोन्ही शिकवतात. पोहता यायलाच लागतं त्याला. नसशील तर जून-जुलैत इकडे ये. मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, सगळी इंजिनं उघडी पडलेली. दोन महिने पोराला माझ्याकडे सोड, जेवण माझं. जमलं तर आयटीआयला घाल, नाही जमलं तर फी तरी वाचली.

गुहागरचा_बंड्या
अपडेट. काल इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन सलग पाच नंबर मागितले. मॅडम म्हणाल्या प्रायव्हसी पॉलिसी आहे. बाहेर आल्यावर बाबा वडापावच्या गाडीवर उभे राहिले, गाडीवाला पोरगा ओळखीचा निघाला, तोच म्हणाला काका मी इथलाच, दुसरी बॅच. बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. हर्णैवाले काका, मेसेज केलाय, बघा.