'ग्राइंडिंग'ला काय म्हणाल? दळण, घिरट, की आहे तेच बरं?

खंड्या (रत्नागिरी)
व्हिडिओ गेमच्या रचनेवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणतोय. एका वाक्यावर गाडी अडलीये. मी लिहिलं होतं : "दळण हा दोष नसून गेमला पल्ला देणारं साधन आहे, बिघडतं ते त्याच्या मापात." संपादकांनी 'दळण' खोडून 'कंटाळवाणी पुनरावृत्ती' केलं. आता वाक्य वाचा. कंटाळवाणी पुनरावृत्ती हा दोष नसून! म्हणजे मूळ लेखक जे नाकारतोय तेच आपण त्याच्या तोंडी घातलं.

गेम न खेळणाऱ्यांसाठी : पुढचा राक्षस झेपेल इतकी ताकद यावी म्हणून मागच्याच रानातले किरकोळ राक्षस पुन्हा पुन्हा मारत राहायचं, ते ग्राइंडिंग. संपादकांचं म्हणणं, 'दळण' हे बोलण्यापुरतं असतं, 'तेच ते दळण लावलंय' असं. कामाला कुणी दळण म्हणत नाही. मला निंदा नको, स्तुतीही नको, असा शब्द हवाय. आहे का?

शुद्धलेखनी
संपादकांचं बरोबर आहे. दळण म्हणजे दळायचं धान्य. 'गिरणीत दळण टाकून ये' म्हणतो तेव्हा डबा घेऊन जातो, कृती घेऊन जात नाही. क्रियेला 'दळणे' आहे. आणि गेमसाठी जात्याकडे जायची गरजच काय? 'सरावचक्र' घ्या. रत्नागिरीत बसून शब्द शोधताय म्हणून आठवण करून देतो, याच गावात सावरकर 1924 ते 1937 स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीसाठी झटत होते.

पोफळ
ज्या माणसाने अंदमानात कोलू फिरवला त्याला 'सरावचक्र' पटलं असतं असं वाटत नाही 😀

आमच्या गुहागरकडची पोरं सरळ 'ग्राइंड मारतोय' म्हणतात. कुणी 'लेव्हल घासतोय'. त्याच कामाला 'फार्मिंग'ही म्हणतात, त्याचं काय करणार? शेती? लावणीच्या दिवसात पोरगं घरात बसून 'शेती करतोय' म्हणालं तर बाप चिखलणीचं आऊत त्याच्याच खांद्यावर देईल.

कुळीथपिठी
शुद्धलेखनीदादा, 'दळण दळणे' हा प्रयोग तुम्ही ऐकला नाहीत काय? धान्यही दळण आणि कामही दळण. बाकी, 'दळणवळण' मध्ये कोण काय दळतं ते एकदा सांगाच.

खंड्या, दळण बडबडीपुरतं असतं असं म्हणणाऱ्याने जातं ओढलेलं नसणार. माझ्या सासूबाई पहाटे बसायच्या. एका हाताने खुंटा, दुसऱ्याने दाणे वैरायचे, आणि तोंडाने ओवी. ओवी नसती तर ते काम कुणाच्याने झालं असतं? माझा नातू खेळतो तेव्हा बघते, दर राक्षसामागे एक आकडा वर उडतो आणि टिंग वाजतं. ती त्याची ओवी. म्हणून मला दळणच बरोबर वाटतं. कंटाळा त्यात आहे, पण कंटाळा म्हणजे दळण नव्हे.

वाशिष्ठी
मूळची चिपळूणची, पुण्यात गेम बनवते, म्हणून खंड्याच्या लेखकाच्या बाजूने थोडं बोलते.

1986 साली जपानात आलेला ड्रॅगन क्वेस्ट घ्या. त्यात मेलात तर राजासमोर परत उभे राहता. खिशातलं निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव कणभरही कमी होत नाही. हरलात तरी केलेलं काम अंगावर राहतं. ज्याची बोटं चपळ नाहीत त्यालाही नुसत्या चिकाटीने पुढे सरकता येतं. हे 'कंटाळवाणी' या विशेषणात कसं बसवणार?

दुसरं टोक रूनस्केपचं. त्यात एखाद्या कौशल्याची 99वी पातळी गाठायला 1,30,34,431 गुण लागतात, आणि 92व्या पातळीला तुमचे झालेले असतात 65,17,253. म्हणजे 92ला पोचलेला माणूस अर्ध्या वाटेवर असतो. खेळणाऱ्यांना हे पाठ आहे, तरी करतात, कारण 99 झाल्यावर त्या कौशल्याचा झगा खांद्यावर मिरवता येतो. सोपं करून दिलंत तर तो झगा कुणी घालणार नाही.

आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा किस्सा (गेम 2004चा). चाचणीच्या काळात बराच वेळ खेळलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे, माणसाने जरा उठावं म्हणून. खेळाडू खवळले. मग तोच हिशेब उलटा मांडला : विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट, ती सरली की नेहमीइतके. ओरड थांबली. गणित तेच, नाव बदललं. संपादकांना हे ऐकव, म्हणजे शब्दावर का अडून बसलायस ते कळेल.

पोफळ
वाशिष्ठीताई, सगळीच चिकाटी अशी गोड नसते हो. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2, साल 2017. त्यातलं डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला 60,000 क्रेडिट (खेळून कमवायची गेममधली नाणी) ठेवले होते, आणि खरे पैसे टाकून बक्षिसांच्या पेट्या घेणाऱ्याला वाट जवळची. लोकांनी असा काही शिमगा केला की व्हेडर 15,000वर आला. याला आपल्याकडे तयार म्हण आहे. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. दळणाच्या बाजूने माझं मत यासाठी की म्हणीसकट मिळतो शब्द. 'सरावचक्र' घेतलंत तर कुत्र्याला काय खायला घालणार?

शुद्धलेखनी
म्हणी मिळतात म्हणून संज्ञा ठरत नाही. उद्या 'सुपातले हसतात, जात्यातले रडतात' हेही परिभाषेत घ्याल.

वाशिष्ठी
चांगलं आहे की. नवीन खेळाडू सुपातले.

आबा वेंगुर्लेकर
सगळी जात्याक धरून बसलास. जात्यार पीठ दळतत, घिरटीर भात भरडतत. दोन येगळी कामां. कोकणात बसून शब्द शोधतास आणि घिरट कोणाक आठवना नाय?

तरुणांसाठी सांगतो. घिरट म्हणजे भात भरडायचं मोठं जातं, आमच्याकडचं लाकडी होतं. त्याने नुसतं टरफल सुटायचं. मग पाखडायचं, मग व्हायनात घालून मुसळाने सडायचं, तेव्हा कुठे पांढरा तांदूळ. एकदा भरडून भागत नाही. तुमच्या त्या पातळ्या का काय, तशाच.

पोफळ
आबा, झक्कास! आणि 'घिरट्या घालणे' यातूनच आलं असणार. घिरट गरगर फिरते, घार घिरट्या घालते, आणि गेममध्ये पोरगं एकाच रानात त्याच पाच राक्षसांभोवती घिरट्या घालतं. खंड्या, मिळाला शब्द. 'घिरट' हे नाम, 'घिरट्या घालणे' हे क्रियापद. निंदा नाही, स्तुती नाही.

शुद्धलेखनी
कानाला गोड लागलं म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. संस्कृतात 'घरट्ट' आहे, अर्थ दळायचा दगड, जातं. गढवाल-कुमाऊंत पाणचक्कीला आजही 'घराट' म्हणतात. घिरट त्या घराण्यातली. घारीच्या घिरट्यांचा 'घेर', 'घेरी', 'गिरकी' यांच्याशी संबंध बघा, जात्याशी नको.

पोफळ
म्हणजे तुमचा शुद्ध संस्कृत शब्दही दळायचा दगडच निघाला. मग दळणाला विरोध कसला?

शुद्धलेखनी
विरोध दळणाला नाही, ढिसाळपणाला आहे.

कुळीथपिठी
घिरट कुठल्या तरुणाला कळणार? आमच्या आळीत पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. दळण निदान गिरणीमुळे टिकलंय. आणि आबा, तुम्ही 'व्हायन' म्हणता तेच उखळ ना?

आबा वेंगुर्लेकर
नाय. उखळ उचलून ठेवता येतं. व्हायन जमिनीत पुरलेली.

खंड्या
मंडळी, अंक छपाईला जायचाय. 'पाट्या टाकणे' कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, ते नको. पाट्या टाकणाऱ्याचं कामात लक्ष नसतं आणि ग्राइंड करणाऱ्याचं डोळ्यांत तेल घालून असतं. वाक्यात दळण ठेवू की ग्राइंडिंग?

वाशिष्ठी
ग्राइंडिंग ठेव आणि पहिल्याच वेळी अर्थ दोन ओळींत सांग. वाचक खेळणारा असेल तर त्याच्या तोंडात तोच शब्द आहे. आमच्या ऑफिसात सगळी मराठी माणसं आहेत, एकही दळण म्हणत नाही. मात्र कुळीथपिठीताई, एक विचारायचंय. जातं गुळगुळीत झालं की पीठ पडेनासं होतं, तेव्हा त्याला काय लावतात? आमच्याकडे जुन्या गेममध्ये लोक कंटाळले की नवीन इलाका, नवीन बक्षिसं घालतात, त्याला नाव शोधतेय.

कुळीथपिठी
टाकी. छिन्नीने खाचे पाडून घ्यायचे. पूर्वी टाकी लावणारे दारावर यायचे, 'टाकीऽऽ लावायची का' म्हणून हाळी देत.

पोफळ
गेमला टाकी लावली! अपडेटला याहून चांगला शब्द होणे नाही.

शुद्धलेखनी
टाकी म्हटल्यावर पाण्याची टाकी आठवते. संदिग्ध आहे. 'नूतनीकरण' म्हणा.

आबा वेंगुर्लेकर
घिरटीकसुद्धा टाकी लावीत?

कुळीथपिठी
आबा, तुमची लाकडी म्हणता ना, मग टाकी कशी लागेल?

पोफळ
आणि ती घिरट की ते घिरट? आमच्याकडे 'ते घिरट' ऐकलंय.

आबा वेंगुर्लेकर
ती. ते म्हणणारे रायगडकडचे असतील.

पोफळ
गुहागर रायगडात कधी गेलं आबा?