काटा अर्ध्यावर म्हणजे अर्धा सिलिंडर?

हॉस्पिटलमधल्या गॅस सिलिंडरबद्दल असं म्हटलं जातं की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर अर्धा गॅस शिल्लक. ऑक्सिजनपुरतं हे बरोबर, कारण तो आत वायूरूपातच दाबलेला असतो. नायट्रस ऑक्साइडचं (भूल देताना वापरतात तो वायू) तसं नाही. तो आत द्रवरूप असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा २० अंश सेल्सिअसला ७४५ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आसपास चिकटून बसतो आणि मग धाडकन खाली येतो. त्याचा साठा वजनावरूनच कळतो.

ऑक्सिजनच्या ई साइझ सिलिंडरसाठी (पेशंटसोबत नेता येतो तो छोटा) गॅस किती मिनिटं पुरेल याचा माझा हिशोब: पीएसआयमधून २०० राखीव वजा करायचे, उरलेल्याला ०.२८ ने (या साइझचा ठरलेला गुणक) गुणायचं आणि फ्लोने, म्हणजे मिनिटाला जाणाऱ्या लिटरने, भागायचं. काटा १००० वर आणि फ्लो मिनिटाला ४ लिटर असेल, तर ५६ मिनिटं. पेशंटला हलवण्याआधी हे कागदावर करा. घाईत तोंडी हिशोब हमखास चुकतो (माझाही चुकलाय).

आणखी एक, व्हॉल्व्ह हळूच उघडा. झटक्यात उघडला तर रेग्युलेटरमध्ये गॅस एकदम दाबला जाऊन तापतो. तिथे तेलाचा किंवा व्हॅसलीनचा अंश असला तर पेट घेऊ शकतो. जोडावर सूं असा आवाज आला तर व्हॉल्व्ह बंद करून वॉशर बदला. ग्रीस किंवा टेप लावू नका.