जाड काच आणि बंद भोकं
खिडकीला जाड काच घेतली की आवाज आणि पाणी दोन्ही थांबतं, असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. आवाज फटीतून शिरतो. सरकत्या खिडकीच्या कडेला ब्रशसारखी पट्टी असते, ती हवा पूर्ण अडवत नाही. बाहेर उघडणाऱ्या झडपेच्या खिडकीत गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी, दाबून बसतं, म्हणून रहदारीच्या बाजूला तीच घ्या. दुहेरी काच असेल तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या नकोत, ६ आणि ४ मिमी अशा असल्या तर आवाज जास्त तुटतो.

पाण्याचं मात्र वेगळं आहे, ते काचेवर ठरत नाही. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच. ते जायला चौकटीच्या बाहेरच्या अंगाला निचऱ्याची भोकं असतात आणि बसवणारे घाईत नेमकं त्यांच्यावरच सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायचा रबरासारखा लेप, फिरवतात. मग ट्रॅक भरला की पाणी थेट खोलीत. शेवटचा हप्ता देण्याआधी ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतून बघा, सगळं बाहेरच पडायला हवं. आणि चौकट-भिंतीमधली फट नुसत्या सिमेंटने भरू देऊ नका. उन्हात चौकट फुगते, रात्री आकसते, सिमेंटला चीर पडते. आत फोम, बाहेरून वेदरप्रूफ सिलिकॉन.