बंदीत ड्राईव्हचा मेन पाडायचा की चालू ठेवायचा?

बर्फवाला: आमची बर्फाची फॅक्टरी, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे आम्हीपण बंद, मेन पाडायचा, कुलूप लावायचं नि घरी. आणि ऑगस्टला लाईट दिली की कुठला ना कुठला ड्राईव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) रडणार हे ठरलेलंच. यंदा कॉम्प्रेसरचा, ३७ किलोवॅटचा. डिस्प्ले येतो, सगळं नॉर्मल दिसतं, स्टार्ट दिला की अंडरव्होल्टेज. माझं म्हणणं सरळ आहे, बंदीतपण मेन चालू ठेवायचा, आत ऊब राहते, दमट धरत नाही. चार पैसे बिल येईल, येऊ दे.

वायरमन: अजिबात नको. जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा तुझा ड्राईव्ह लाईनवर, फेज गेला, आला, एक झटका बसला की एमओव्ही (झटका झेलणारा पार्ट) फुटला नि मागून रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा). वर काही ड्राईव्हचा फॅन मेन दिला की फिरतच राहतो, म्हणजे दोन महिने खारी हवा स्वतःच आत ओढायची. वा!

जुना_खेळाडू: कपॅसिटर गेले रे. बंद राहिले की उतरतात, व्हेरिअ‍ॅकवर हळूहळू व्होल्टेज वाढवत चढवावे लागतात.

पॅनलकर: दादा, ते वर्षभर पडून असलेल्या ड्राईव्हला. दोन महिन्यांत काही होत नाही, उगाच कपॅसिटर बँकेचा खर्च काढू नका त्याचा. @बर्फवाला स्टार्टच्या आधी डीसी बस (ड्राईव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज) बघ, ४१५ व्होल्टच्या लाईनला ५८० च्या आसपास हवी. तेवढी आहे आणि लोड आला की धाडकन पडते, तर प्रीचार्जचा रिले (कपॅसिटर भरले की रेझिस्टरला बायपास करणारा) लागत नाहीये, सगळा करंट त्या बिचाऱ्या रेझिस्टरमधून चाललाय. मेन दिल्यावर सेकंदभरात आतून 'टक' येतो का ऐक. आणि उघडायच्या आधी मेन पाडून दहा मिनिटं थांब, बस मीटरने बघ, लाल दिवा विझला म्हणून हात घालू नको.

बर्फवाला: टक नाही आला. उघडला, रिलेच्या पायांवर हिरवं, बोर्डवर मीठ बोटाला लागतंय. म्हणजे दमटच ना, मीच बरोबर!

वायरमन: दमट बरोबर, उपाय चूक. मेन पाड, पॅनलमध्ये थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर बसव, त्याला लाईट वेगळ्या एमसीबीवरून दे. केबल येते त्या ग्लँड बुजव, तिथूनच पाली शिरतात. पुढच्या वेळी बोर्ड कोटिंगवाला घे.

पॅनलकर: +१. आणि ऑगस्टला लाईट द्यायच्या आधी आर एस टी (लाईन येते ती तीन टर्मिनल) ते डीसीचे प्लस-मायनस मीटरच्या डायोड रेंजवर चेक कर, सरळ शून्य दाखवलं तर मेन देऊच नको. मेगर (इन्सुलेशन तपासायचा, जास्त व्होल्टेज सोडणारा मीटर) मारायचा तर मोटरच्या वायरी सोडवून, गेल्या साली एकाने ड्राईव्हसकट मारला होता, असो.

बर्फवाला: हीटरला लाईट शेडच्या डीबीवरून (लाईट वाटणाऱ्या बोर्डवरून) घ्यावी लागेल. त्याच डीबीवर वॉचमनचा टीव्ही नि शेगडी, पहिल्या पावसात एमसीबी पडला की तो कोणाची वायर काढणार ते मला माहीत आहे.