जुनी पोर्शे ९१४ गोव्यात आणायची तर फाईल बघावी की पत्रा?

खाडीकाठ
५० वर्षांहून जुनी गाडी स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय आयात करायला २०२५ मध्ये मुभा मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न या फोरमवर फिरून फिरून येतोय. एकदाच भांडून घेऊ.

समजा दोन ९१४ समोर आहेत. दोन्ही १९७३च्या, दोन लिटरच्या, अमेरिकेतल्या. पहिलीसोबत जाडजूड फाईल आहे: विक्रीचा मूळ कागद, सगळ्या मालकांची साखळी, इंजिन उघडल्याची बिलं, रंगकामाचे फोटो. दुसरीकडे मालकीचा दाखला आणि दोन बिलं, पण विकणारा शपथेवर सांगतो की पत्रा मूळचा आहे. मी पहिली घेईन, डोळे मिटून.

कारण या गाडीत लबाडी चालते ती आकड्यांची. सहा सिलिंडरच्या ९१४/६ चा चॅसिस नंबर ९१४ ने सुरू होतो, चार सिलिंडरवालीचा ४७ ने. १९७३च्या चार सिलिंडर गाडीवर ४७३ हवाच. सहा सिलिंडरचं इंजिन आणि पाच बोल्टची चाकं बसवून 'अस्सल सहा' म्हणून खपवलेल्या गाड्या पहिल्या दोन आकड्यांतच उघड्या पडतात. दोन लिटरच्या इंजिनाच्या नंबराआधी त्या वर्षी अमेरिकेसाठी जीए, युरोपसाठी जीबी अशी अक्षरं. अमेरिकन गाडीत जीबी सापडलं तर इंजिन कधीतरी बदललंय, आणि फाईलमध्ये त्याचं बिल नसेल तर का नाही ते विचारायचं.

फाईल वाचायची पद्धत: एका कागदावर तारीख, मैल आणि काम असे तीन रकाने आखा. मैल मागे गेले, किंवा सात-आठ वर्षं एकही नोंद नाही, तिथे बोट ठेवा. ज्या बिलावर चॅसिस नंबर नाही ते बाजूला काढा, ते कुठल्याही गाडीचं असू शकतं. एवढं करून साखळी टिकली तर त्या गाडीला वंश आहे. पत्रा काय, तो बदलता येतो.

लांबी_आणि_रंग
खाडीकाठ बाब, "पत्रा बदलता येतो" हे वाक्य बार्देशच्या कुठल्याही डेंटरला ऐकवा, हसून लोळेल तो. ९१४ ला वेगळी चॅसिस नाही. दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या आणि मधला बोगदा यांवरच गाडी उभी. छप्पर सुटं निघतं, म्हणजे वरून आधार शून्य. त्या पेट्या गेल्या की फाईल गळ्यात बांधून फिरा.

गंज कुठून लागतो ते कळलं की अर्धी परीक्षा झाली. इंजिन सीटच्या मागे, त्यावर जाळीचं झाकण. पाऊस पडला की पाणी थेट आत. झाकणाखाली पाणी वळवणारा ट्रे कारखान्यातून येत असे, पण अनेक गाड्यांतून तो केव्हाच फेकला गेलाय. बॅटरी त्याच जाळीखाली उजव्या बाजूला. बॅटरीतलं आम्ल आणि पावसाचं पाणी एकत्र होऊन तिच्या ट्रेमधून खाली उजव्या मागच्या सस्पेन्शनच्या बैठकीवर ठिबकतं आणि तिथून पेटीत शिरतं. अमेरिकन लोक या जागेला नरकाचं भोक म्हणतात. आता यावर गोव्याचे पावसाचे चार महिने आणि उरलेले आठ महिने खारा वारा घाला.

बघायचं असं:
बॅटरी बाहेर, ट्रे बाहेर, खालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरने जोर देऊन टोचा. घट्ट लागला पाहिजे, करकरला तर उठा.
दारांखालच्या बाहेरच्या पट्ट्या काढायला लावा. चार-दोन स्क्रूंचं काम आहे. विकणारा "नको, क्लिपा तुटतील" म्हणाला की उत्तर मिळालं.
छप्पर काढा, दार लावून मागच्या फटीकडे बघा. वर निमुळती आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून बसलीय. मग दार उघडून एका बाजूला जॅक लावा. जॅकवर दार पुन्हा नीट लागत नसेल तर पेटी वाकतेय.
हीटरची गरम हवा याच पेट्यांतल्या नळ्यांतून पुढे जाते. इंजिनाच्या बाजूने नळी सोडवून तिथून कॅमेऱ्याची वायर आत घाला. बाहेरून कितीही देखणं डेंटिंग-पेंटिंग केलेलं असो, आतली बाजू खोटं बोलत नाही.
रंगाची जाडी मोजा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या पुढे दुसरा हात, हजाराच्या पुढे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी.

तुमच्या फाईलमध्ये रंगकामाचे फोटो आहेत म्हणता. रंग *लावल्यानंतरचे* की पत्रा उघडा असतानाचे? चकचकीत गाडीचा फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम. त्यावरून संसार कळत नाही.

नियम८१
तुम्ही दोघंही एक पायरी वर उभे आहात. खाली उतरा, आरटीओच्या खिडकीपाशी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये ८१-अ पासून पुढे व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. वय मोजतात ते *पहिल्या नोंदणीपासून* ५० वर्षं, बांधणीच्या वर्षापासून नव्हे. ९१४ १९७६ पर्यंत बनली, म्हणून शेवटच्या वर्षांतल्या गाडीसाठी पहिल्या नोंदणीची तारीख सोन्याच्या भावाची. ती येणार फाईलमधूनच, म्हणजे हा गुण खाडीकाठ यांना.

पण पुढे वाचा. चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं, मोठा फेरफार चालत नाही. अमेरिकेत ९१४ मध्ये शेव्हरोलेचं व्ही-८ किंवा सुबारूचं इंजिन बसवणं हा जुना छंद आहे. त्याची पै-पैची बिलं जपून ठेवलेली असतात, फाईल अगदी बघण्यासारखी. अशी फाईल खिडकीत सरकवलीत तर तुम्हीच तुमच्याविरुद्ध पुरावा दिलात.

बाकी हिशेब: अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विमा आणि कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद). नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. बिल ऑफ एंट्रीवरचा चॅसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर यांत एका आकड्याचा फरक पडला तरी काम अडेल, म्हणून जहाजात चढवण्याआधी नंबराचा कागदावर पेन्सिलने छाप घेऊन ठेवा.

शिवाय ९१४ कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगचीच निघाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार अशा गाडीला चालतं इशारा-साधन लागतं, तेव्हा इंडिकेटर आणि ब्रेकलाइट धड हवेत. (पोर्तुगीज काळातही गोव्यात गाड्या डावीकडूनच चालत. "गोव्यात पूर्वी उजवीकडून चालायचे" असं सांगून कोणी डावं स्टिअरिंग खपवू लागला तर ऐकू नका.)

आणि हो, संध्याकाळी मिरामारला फेरी मारायला ही नोंदणी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

घाटवाट
मग कशाला हा खटाटोप? फियाट एक्स१/९ घ्या. तीही मिड-इंजिन, बर्टोनेची, १९७२ पासूनची, आणि फियाट म्हटल्यावर पद्मिनीचे पार्ट म्हापशाच्या जुन्या बाजारातही मिळतील.

लांबी_आणि_रंग
नाही मिळणार. पद्मिनी ही फियाट ११०० च्या वंशातली. एक्स१/९ चं इंजिन फियाट १२८ च्या घराण्यातलं, वरच्या कॅमशाफ्टचं, टायमिंग बेल्टचं. एक गॅस्केटसुद्धा जुळत नाही. वर रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मधे गाडीच्या पोटातून लांबलचक पाण्याचे पाइप. हवेचा बुडबुडा अडकला की पणजीच्या सिग्नलवर काटा लाल. पाणी भरताना नाक वर उचलायचं, हीटरचा कॉक उघडा ठेवायचा, रेडिएटरच्या वरच्या स्क्रूमधून हवा संपून सलग धार येईपर्यंत थांबायचं. तिथे घाई करणाऱ्याच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकतं. पाइप स्टीलचे, आतून सडतात. आणि मागच्या सस्पेन्शनचे स्ट्रट जिथे बसतात तिथला गंज ९१४ च्या तोडीस तोड.

लाल_माती
सगळे गंज आणि कागदात अडकलेत. पंपावर काय मिळतं ते कोणी बोलत नाही.

आता सरसकट ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. दोन लिटरच्या ९१४ ला बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन. ते मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल देतं, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे इंधन बदललं हे त्याला कळतच नाही. इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, म्हणून २० टक्के मिश्रणाला तेवढ्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवं. न दिल्यास इंजिन कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कोरडं चालणं म्हणजे हेड तापणं, पुढे व्हॉल्व्हची सीट सुटणं. तेव्हा प्रेशर सेन्सर आधी तपासा (आतला पातळ पडदा चिरतो, हा जुना रोग) आणि एक्झॉस्टला तात्पुरता मीटर लावून मिश्रण जाड करून घ्या. कॉम्प्रेशन फक्त ७.६ आहे, ऑक्टेनची फिकीर नाही.

आता आगीचं. मधल्या बोगद्यातून पेट्रोलच्या नळ्या जातात त्या प्लॅस्टिकच्या, ५० वर्षांत खडूसारख्या ठिसूळ. त्या स्टीलच्या करणं हे पहिलं काम, रंगाआधी. इंजिनापाशी रबरी होज लागेल तो इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल सोसणारा घ्या. लाइनमध्ये २ बारचा दाब असतो. कार्ब्युरेटरवाला स्वस्त होज तिथे फुगतो, फुटतो आणि पेट्रोल थेट तापल्या इंजिनावर. पेट्रोल पंप १९७५ पूर्वी इंजिनाजवळच होता, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात तिथे वाफ धरते. नंतर कारखान्यानेच तो पुढे नेला, तुम्हीही न्या.

खाडीकाठ
आणि मूळ रूप? नियम८१ आत्ताच सांगून गेले.

नियम८१
नळ्या, होज, पंपाची जागा याला कोणी मोठा फेरफार म्हणणार नाही. जुने सुटे भाग फेकू नका, डब्यात चिठ्ठी लावून ठेवा.

घाटवाट
पावसाळ्यात मात्र दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवावी, म्हणजे जाम होत नाही.

लाल_माती
तेच करू नका. पाच मिनिटांत तेल तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, दर रविवारी थोडं थोडं साठतं. एकतर अर्धा-पाऊण तास नीट चालवा, नाहीतर हात लावू नका. सां जुआंवपासून (२४ जून) चवथीपर्यंत उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. तेल बदलून मगच उभी करा, २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट साडेतीन लिटर. बॅटरी घरात. प्लॅस्टिकचं कव्हर नको, खाली घाम धरतो. सुती कापड आणि बंद खोलीत ओल शोषणारं यंत्र. चालू मोसमात दर ५,००० किमीला टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासा, थंड इंजिनावर, इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी.

लांबी_आणि_रंग
खाडीकाठ बाब, एवढं होऊन पहिलीच घेणार?

खाडीकाठ
घेईन. पण आगाऊ रक्कम द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून आजच्या वर्तमानपत्रासकट पाच फोटो मागवेन: बॅटरीचा ट्रे काढून खालचा पत्रा, उजवी सस्पेन्शनची बैठक खालून, दोन्ही पट्ट्या काढलेल्या पेट्या, आणि इंजिनावरचा नंबर. ट्रेखालचा फोटो आला नाही तर दुसऱ्या गाडीवाल्याला फोन. तेवढं तुमचं ऐकलं.

लांबी_आणि_रंग
पेट्यांतला कॅमेरा राहिला.