कॅनडा पीआर (कायम वास्तव्य): शिकतानाचं टीए-आरएचं (अध्यापन आणि संशोधन साहाय्यकाचं) काम अनुभवात धरतात का?

चाफा
दोन वर्षांची मास्टर्स एप्रिलअखेर संपली. चारही सत्रांत टीए, आठवड्याला १० तास. मधल्या उन्हाळ्यात आरए, आठवड्याला ३० तास. मे महिन्यापासून त्याच लॅबमध्ये पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर आरए, तेही ३० तास. शिकतानाचे तास साधारण १,२०० भरतात. एक्स्प्रेस एन्ट्रीचा (पीआर अर्जाची पद्धत) १,५६० तासांचा, म्हणजे एक वर्षाच्या अनुभवाचा, आकडा त्यांच्या जोरावर लवकर गाठता येईल का? या कामाचा एनओसी (कॅनडाची व्यवसाय-वर्गवारी) कोड ४१२०१ बरोबर आहे ना?

खडूफळा
सीईसीसाठी (कॅनडात कुशल काम केलेल्यांसाठीचा एक्स्प्रेस एन्ट्रीतला मार्ग) ते तास शून्य. पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचं काम पगारी असो, कॅम्पसवरचं असो की को-ऑप (अभ्यासक्रमाचाच भाग असलेली नोकरी), तिथे धरतच नाहीत. तुमचा सीईसीचा मीटर मे महिन्यापासून सुरू. ३० तासांनी ५२ आठवडे. आठवड्याला ५० तास राबलात तरी ३० च्या वरचे मोजत नाहीत.

एफएसडब्ल्यूमध्ये (कुशल कामगारांसाठीचा दुसरा मार्ग) मात्र शिकतानाचं काम चालतं. अटी तीन: मोबदला पगार म्हणून मिळालेला हवा, काम एकाच एनओसी कोडचं हवं आणि सलग हवं. लोक घसरतात ते ‘सलग’वर. टीएचे करार १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी ते ३० एप्रिल असे असतील तर साखळी जुळते. आता तो उन्हाळा बघा. त्या पैशांची करपावती टी४ (पगाराची) आहे की टी४ए (शिष्यवृत्तीसारख्या इतर रकमांची)?

चाफा
टी४ए. चौकट १०५ मध्ये रक्कम आहे.

खडूफळा
मग ती शिष्यवृत्ती झाली, पगार नव्हे. लॅबमध्ये काम तेच केलं असलं तरी कागद तसं म्हणत नाही. हे चार महिने गळले की त्याआधीचे टीएचे तासही तुटतात, कारण मध्ये खिंडार पडतं. उरले दुसऱ्या वर्षाचे आठ महिने, म्हणजे जेमतेम ३४५ तास. बाकीचे १,२१५ तास ३० च्या हिशेबाने भरायला जवळपास ४१ आठवडे लागतील. उन्हाळा टी४ वर असता तर १२ आठवड्यांत काम झालं असतं.

पागोळी
म्हणजे सीईसीपेक्षा फार तर ११ आठवडे वाचतात. माझ्या मते एवढ्यासाठी हा खटाटोप करू नये. एफएसडब्ल्यूच्या पात्रतेला लागणारे ६७ गुण अडणार नाहीत: मास्टर्स २३, इंग्रजी सीएलबी (कॅनडाची भाषापातळी) ९ असेल तर २४, पस्तिशीच्या आत वय १२, एक वर्षाचा अनुभव ९, कॅनडातलं दोन वर्षांचं शिक्षण ५, एकूण ७३. पण बँकेत ठरावीक रक्कम दाखवावी लागते (तुम्हाला परमिट असलं तरी नोकरीची वैध ऑफर नसेल तर सुटका नाही), सीईसीला ती लागत नाही. शिवाय २०२५ मध्ये सीईसीपुरत्या सोडती (पूलमधल्या, म्हणजे यादीतल्या, उमेदवारांना अर्जाची निमंत्रणं) वारंवार निघाल्या. नुसते एफएसडब्ल्यूत पात्र असलेले त्या दिवशी पूलमध्ये बसून राहतात. फ्रेंच येत असेल तर गोष्ट वेगळी, त्या सोडतीत एफएसडब्ल्यूवालेही येतात.

कोडबद्दल: ४१२०१ टीअर १ (एनओसीतली कामाची पातळी) मध्ये येतो, म्हणून सीईसीला सीएलबी ७ लागेल. पण दिवसभर नमुने तयार करणं, उपकरणं चालवणं, नोंदी ठेवणं एवढंच काम असेल तर ते २२११० किंवा २२१०० (जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र तंत्रज्ञ) कडे झुकतं. पदाचं नाव काही असो, अधिकारी कामं वाचतो. सीईसीत दोन कोडचे तास एकत्र करता येतात, एफएसडब्ल्यूच्या किमान एका वर्षासाठी नाही.

दप्तरी
एचआरच्या छापील पत्रावर विसंबू नका. त्यात बहुधा पद, तारखा आणि पगार एवढंच असतं. आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामं हवीतच: साहित्याचा आढावा, प्रयोग, निकालांची मांडणी, जे करता ते. एचआर कामं लिहायला नकार देत असेल तर गाइडकडून लेटरहेडवर, सही आणि संपर्कासह वेगळं पत्र घ्या. वाक्यं एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उचलू नका, डोळ्यात येतं.

आणखी एक. प्रबंधाच्या दुरुस्त्या मे महिन्यातही चालू होत्या आणि पूर्णवेळ नोंदणी कायम होती, असं तर नाही ना? तसं असेल तर सीईसीचे ते आठवडे वजा करा. परमिट मे महिन्यात मिळालं म्हणून मोजणी मेपासून होत नाही. ट्रान्स्क्रिप्टवर शेवटच्या सत्राची नोंद काय आहे ते आधी पाहा, मग अर्जाची तारीख ठरवा.